मुकादमांच्या पाट्या

मी त्या घरात राहायला गेले तेव्हा माझ्या खोलीच्या दारावर पिवळ्या पत्र्याची एक पाटी आधीच लागलेली होती. काळ्या ठसठशीत अक्षरांत तिच्यावर लिहिलं होतं: ‘बाईंची खोली. विहीर ०.१. शाळा ०.४. मुरबाड २८.’ हातात ट्रंक धरून मी ती दोनदा वाचली. घरमालक मागे उभे होते. त्यांनी विचारलं, बरोबर हाय ना? काय बरोबर असायला हवं होतं ते मला कळलं नाही, पण मी हो म्हटलं. शाळा खरोखरच चारशे मीटरवर होती. नवीन बाई येणार असं कळल्याबरोबर त्यांनी साखळी घेऊन ते अंतर मोजून काढलं होतं.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. पहिलीच नोकरी, जिल्हा परिषदेची शाळा, आणि गाव माळशेज घाटाच्या पायथ्याला, कल्याण–नगर रस्त्यापासून थोडं आत. गावामागे सरळ उभा डोंगर. डोंगराच्या निम्म्यावर एक लांबट माळ होता, आणि त्या माळावरून एक ओहोळ खाली उतरत असे.

घरमालकांना सारा गाव मुकादम म्हणायचा. बांधकाम खात्यात ते तीस वर्षं घाटरस्त्यावर होते. आधी खडी फोडणारे मजूर, मग मुकादम. दरडी उपसायच्या, खड्डे भरायचे आणि पावसाळा सरला की मैलाचे दगड रंगवायचे, ही त्यांची कामं. दगड रंगवण्यात त्यांचा हातखंडा होता. खात्यातल्या बाकीच्यांचे आकडे कललेले असायचे, मुकादमांचे छापल्यासारखे. निवृत्त झाल्यावर हाताला काम उरलं नाही, पण रंगाचे अर्धे डबे आणि डांबराच्या पिंपांचा पत्रा उरला होता. त्यांनी गाव रंगवायला घेतला.

विहिरीवर पाटी होती. देवळावर होती. पिठाच्या गिरणीवर ‘गिरणी’ लिहून खाली ‘वीज असल्यास’ असं लिहिलं होतं. स्वतःच्या गोठ्यावर ‘बैल २, म्हैस १’ लिहिलेलं होतं, आणि म्हैस विकली त्या दिवशी त्यांनी तो एक खोडला. मी एकदा विचारलं, काका, गावातल्या सगळ्यांना विहीर कुठे आहे ते ठाऊक आहे, मग पाटी कोणासाठी? ते म्हणाले, "जो येनार हाय त्याच्यासाठी."

कोण येणार होतं, ते हळूहळू मला समजलं.

तीस वर्षं त्यांनी गाड्या जाताना पाहिल्या होत्या. मे महिन्यात मुंबईची माणसं घाट चढून वर जात. टपावर सामान, खिडकीतून बाहेर आलेली पोरांची डोकी. गाड्या गावच्या फाट्यावरून पुढे जायच्या. तापलेल्या इंजिनात पाणी घालायला एखादी थांबायची, तेवढंच. मुकादम बादली भरून द्यायचे आणि विचारायचे, कुठे निघालात? लोक म्हणायचे, थंड हवेच्या ठिकाणी. ते माझ्याजवळ म्हणाले होते, "बाई, आमच्या माळावर काय गरम हवा हाय? तीस वर्सं लोकांला पुढं जायला रस्ता करून दिला. आता कुनी तरी इथं थांबलं पायजे."

म्हणून मग डोंगरावरही पाट्या लागल्या. वाटेच्या तोंडाशी पहिली: ‘थंड हवेचे ठिकाण १.८’. त्यानंतर पॉइंट. महाबळेश्वरला पॉइंट असतात असं त्यांनी ऐकलं होतं, पण त्यांना इंग्रजांची नावं नको होती. जिथे वारा सुटतो तो ‘वारा पॉइंट’. गुराखी दुपारची भाकरी सोडतात तो ‘जेवण पॉइंट’. माळाच्या टोकाला एक सपाट खडक होता, तिथून खाली सगळा मुरबाड तालुका दिसायचा, खाचरांचे तुकडे आणि मधून जाणारा रस्ता. तिथल्या पाटीवर फक्त एवढंच लिहिलं होतं: ‘गप्प बसा’.

हे त्यांनी गमतीनं लिहिलेलं नव्हतं. त्या खडकावर पाहुण्यानं गप्प बसायचं, असा त्यांचा नियम होता. किती वेळ, तर मुकादमांच्या दाढेखालची तंबाखू संपेपर्यंत. पहिल्यांदा त्यांनी मला तिथे नेलं तेव्हा मी शाळेच्या पटाबद्दल काही तरी सांगत होते. त्यांनी नुसता पाटीकडे हात केला. मी बसले. दहा मिनिटांनी मला खालच्या रस्त्यावरच्या गाड्या ऐकू यायला लागल्या, मग बैलांच्या घंटा, मग काकी अंगणात कोणाला तरी हाका मारत होती ती. तंबाखू थुंकून ते म्हणाले, आता बोला. मला बोलावंसं वाटलं नाही.

काकी म्हणजे त्यांची बायको. बुटकी, कामसू, कमी बोलणारी. दोन्ही मुली घाटावर ओतूरकडे दिलेल्या होत्या, त्यामुळे घरात ही दोघं आणि मी. नवऱ्याच्या पाट्यांबद्दल काकीनं कधी तक्रार केली नाही. फक्त स्वयंपाकघरावर पाटी लावू दिली नाही. म्हणाली, इथं कुनी वाट चुकत नाय.

दोन वर्षं पाट्या वाऱ्यात वाजत राहिल्या आणि कोणी आलं नाही. तेव्हा मुकादम म्हसा गावच्या जत्रेला गेले. पौषातली जत्रा, बैलांचा मोठा बाजार. तिथे घोंगडीवाल्यांच्या आणि बैलांच्या मधोमध ते तीन दिवस एक पाटी घेऊन उभे राहिले. पाटीवर गावाचं नाव, थंड हवेचं ठिकाण, आणि म्हशापासूनचं अंतर. लोकांना वाटलं, हा मागचा बैल यांचा. दोघा-तिघांनी त्या बैलाचे दात बघून किंमत विचारली. मुकादम प्रत्येकाला शांतपणे सांगत राहिले, बैल माझा नाय, डोंगर माझा हाय, येऊन बघा. गावातले लोक ही गोष्ट वर्षभर सांगून हसत होते. मीही हसले.

पण त्या जत्रेतून एक कुटुंब आलं. कल्याणचं जोडपं आणि त्यांची लहान मुलगी. माघ महिन्यातली थंडी होती. मुकादमांनी त्यांना पहाटे वर नेलं, सगळे पॉइंट दाखवले, खडकावर गप्प बसवलं. त्या मुलीला गप्प बसवेना, तर तिला कानात बोलायची परवानगी दिली. खाली आल्यावर काकीनं तांदळाच्या भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. जाताना ती बाई काकीला म्हणाली, लग्न झाल्यापासून मी इतकी झोपले नव्हते. एस.टी. दिसेनाशी होईपर्यंत मुकादम फाट्यावर उभे राहिले. घरी आल्यावर पायरीवर बसले आणि काकीला म्हणाले, थांबले गो. काकी म्हणाली, थांबले.

त्यानंतर थोडे थोडे लोक यायला लागले. हिवाळ्यात गिर्यारोहण करणारी कॉलेजची मुलं, डोंबिवलीचा एक पक्षी बघणारा मास्तर, सुट्टीत कोणाची तरी भावंडं. फार नाहीत. मुकादमांचं मात्र आयुष्य भरून गेलं.

आता मला त्या पाटीबद्दल लिहायचं आहे. ते लिहिण्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे.

माळावरचा ओहोळ एका जागी खडकात शिरतो. तिथे पाण्यानं खडकाला मोठमोठे गोल खळगे पडले आहेत, धान्याच्या रांजणांसारखे. गावात त्या जागेला रांजण म्हणतात. थंडीत तिथे स्वच्छ, थांबलेलं पाणी असतं, मोठ्या माणसाच्या कमरेला लागेल एवढं. मुकादमांना तिथे शेवटची पाटी लावायची होती. जागेचं नाव त्यांनी ‘न्हाणी’ ठेवलं होतं. पाटी रंगवण्याआधी ते मजकूर माझ्या दगडी पाटीवर खडूनं लिहून आणायचे, मी ऱ्हस्व-दीर्घ बघून द्यायचे. हा आमचा शिरस्ता होता.

त्या दिवशी त्यांनी चार ओळी लिहून आणल्या. ‘न्हाणी. पोहण्यास उत्तम. आषाढ श्रावणात उतरू नये. पाण्याला ओढ आहे.’

मी शेवटच्या दोन ओळींकडे बघून म्हटलं, काका, ही भीती कशाला घालायची? पाहुणा एवढ्या लांबून येणार आणि पाटी वाचून मागे फिरणार. पावसात इथे येतंय कोण? शिवाय पत्र्यावर चार ओळी मावायच्या नाहीत, अक्षर बारीक होईल.

त्यांनी चारही ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग म्हणाले, "तुमी शिकलेल्या," आणि तळहातानं दोन ओळी पुसल्या.

मी सव्वीस वर्षांची होते. मला त्या गावाबद्दल सगळं कळतं असं मला वाटत होतं.

नंतरच्या दोन-तीन वर्षांत धबधब्याला जायची टूम निघाली. पावसाळ्यातल्या रविवारी कल्याण, उल्हासनगर, ठाण्याकडून तरुण मुलांच्या झुंडी घाटाकडे यायला लागल्या, आणि त्यातल्या काही आमच्या फाट्यावर उतरायला लागल्या, कारण तिथे पाटी होती. मुकादम पावसातल्या प्रत्येक रविवारी डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन रांजणाशी उभे राहायचे आणि प्रत्येकाला सांगायचे, बघा, पन उतरू नका. मीही त्या दिवसांत दोनदा वर गेले होते. ती पाटी पाहिली होती. ‘न्हाणी. पोहण्यास उत्तम.’ पाणी तिच्या खालून घुसळत चाललं होतं. मला काही आठवलं नाही.

तो श्रावणातला दुसरा रविवार होता. मुकादमांना हिवताप भरला होता आणि ते दोन गोधड्या घेऊन ओटीवर पडून होते. सकाळी पाच तरुण आले. त्यातल्या एकानं माझ्या दाराशी येऊन पाणी मागितलं. मी तांब्या दिला. पाणी प्याल्यावर त्यानं पागोळीखाली तांब्या विसळला आणि मग परत दिला. कोणी असं करत नाही, म्हणून मला त्याचा चेहरा लक्षात राहिला. त्यानं विचारलं, ताई, वर जायला वाट कुठून? मी म्हटलं, पाट्या लावल्यात, पाट्या बघत जा.

दुपारी त्यातले चौघे धावत खाली आले.

गावातले पुरुष दोर घेऊन वर गेले. मुकादम तापात उठून त्यांच्यामागे गेले, कोणाच्यानं त्यांना अडववलं नाही. तांब्या विसळून देणारा तो मुलगा मिळाला दुसऱ्या दिवशी, पाणी थोडं उतरल्यावर, तिसऱ्या रांजणात.

पंचनाम्याला हवालदार आला. शाळेच्या ओट्यावर बसून तो लिहून घेत होता आणि मी शेजारी उभी होते, कारण टेबल शाळेचं होतं. त्यानं विचारलं, ही पाटी कोणी लावली? मुकादम म्हणाले, मी. मजकूर कोणाचा? मुकादम म्हणाले, माझा. पावसात धोका असतो हे माहीत होतं का? होतं. मग लिहिलं का नाही?

मी माझ्या पायांकडे बघत होते. मला वाटलं, आता ते माझ्याकडे बघतील. नुसतं बघितलं असतं तरी मी बोलले असते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. त्यांनी बघितलं नाही. मान जराही न वळवता ते म्हणाले, "माझ्या ध्येनात नाय आलं."

हवालदारानं ते लिहून घेतलं. बुडून अपघाती मृत्यू म्हणून ते प्रकरण तिथेच मिटलं.

दहा-बारा दिवसांनी मुलाचे वडील आले. विठ्ठलवाडीकडे कुठल्याशा कारखान्यात फिटर होते. उंच, वाकलेले, शर्टाची सगळी बटणं लावलेली. त्यांना जागा बघायची होती. मुकादम त्यांना घेऊन निघाले, आणि काकीनं मला खूण केली म्हणून मीही मागून गेले. पाटी अजून तिथेच होती. त्या गृहस्थांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग विचारलं, हे कोणी लिहिलं? मुकादम म्हणाले, मी लिहिलं. त्या गृहस्थांनी त्यांच्या थोबाडीत मारली. एकदाच. मुकादमांची टोपी खाली चिखलात पडली. त्यांनी ती उचलली नाही, गालाला हातही लावला नाही. दोघेही तसेच उभे राहिले आणि पाण्याचा आवाज येत राहिला. मी दहा पावलांवर होते.

मग ते गृहस्थ खडकावर बसले आणि रडले. मुकादम त्यांच्याजवळ बसले. उतरायला अंधार पडेल की काय असं मला वाटायला लागलं, इतका वेळ ते दोघे बसून होते.

दुसऱ्या दिवशी मुकादमांनी सगळ्या पाट्या काढल्या. रांजणावरची, डोंगरावरच्या सगळ्या, विहिरीवरची, देवळावरची, माझ्या दारावरचीसुद्धा. ज्या खुणा त्यांनी थेट दगडांवर रंगवल्या होत्या त्यांच्यावर डांबर फासलं. पत्रे ठोकून सरळ केले आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर घातले, लिहिलेली बाजू आत करून. त्यानंतर त्यांनी ब्रश हातात धरला नाही.

आणि पुढच्या पावसाळ्यापासून ते वाटेच्या तोंडाशी जाऊन बसायला लागले. फक्त रविवारी नाही, रोज. कोणी वर निघालं की म्हणायचे, वर काय नाय. तरुण मुलं हसायची, काही चिडायची, एकदा एका टोळक्यानं त्यांना ढकलूनही दिलं. ते उठून पुन्हा तिथेच बसले. ज्या माणसानं तीन दिवस जत्रेत उभं राहून लोकांना बोलावलं होतं, तो आता त्याच डोंगराबद्दल सांगायचा की तिथे बघण्यासारखं काही नाही. म्हणताना त्यांचा आवाज पडायचा, कारण ते खोटं होतं आणि त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती.

दुसऱ्या वर्षी श्रावणातल्या त्याच रविवारी ते फिटर गृहस्थ पुन्हा आले. कोणी बोलावलं नव्हतं. मुकादम त्यांना घेऊन वर गेले. परत आल्यावर काकीनं दोघांना जेवायला वाढलं. भाकरी आणि करटुलीची भाजी. बोलणं फारसं झालं नाही. भाताची आवणी कधी झाली, कारखान्यात हल्ली पाळ्या कशा असतात, एवढंच. त्यानंतर ते दर वर्षी यायला लागले. ते दोघे ओटीवर शेजारी बसलेले दिसले की अनोळखी माणसाला वाटलं असतं, जुने व्याही आहेत.

त्या रविवारी मी घरात थांबत नसे. शाळेला सुट्टी असतानाही किल्ल्या घेऊन शाळेत जाऊन बसायचे.

असं नाही की मी मुकादमांशी बोलायचा प्रयत्न केला नाही. माझं लग्न ठरलं, नवरा वाशिंदच्या कारखान्यात होता, आणि मला शहापूर तालुक्यात बदली मिळाली, खर्डीजवळच्या एका शाळेत. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, काका, त्या दोन ओळी मी पुसायला लावल्या होत्या. ते कुंपणाची काटी बांधत होते. सुतळीची गाठ पुरी करून ते म्हणाले, "पुसल्या मी. हात माझा व्हता." मी आणखी काही बोलू लागले तर म्हणाले, "बाई, तुमाला लय पोरं शिकवायची हायेत," आणि आत निघून गेले. त्यांनी त्यातला माझा वाटा मला दिला नाही. मीही फार हट्ट धरला नाही. खरं सांगायचं तर मला हलकंच वाटलं.

खर्डीहून त्या गावाला जायचं म्हणजे आधी शहापूर, तिथून किन्हवलीवरून सरळगाव, मग घाटाकडे जाणारी गाडी. संसार, मूल, शाळा. पाच वर्षांत मी दोनदा गेले. दुसऱ्या वेळी मुकादम फार खंगले होते. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण वाटेवर जाऊन बसणं सुटलं नव्हतं. मी समोर उभी राहिले तर म्हणाले, वर काय नाय. मी म्हटलं, काका, मी बाई. तेव्हा ते हसले आणि सरकून मला दगडावर जागा दिली. माझ्या मुलाबद्दल विचारलं. त्याला पोहायला शिकवा, एवढं म्हणाले.

ते गेले माघात. काकीनं गावातल्या नवीन शिक्षिकेकडून लिहवून घेतलेलं कार्ड मला आठ दिवसांनी मिळालं.

मी गेले तेव्हा बारावा होऊन गेला होता. काकीनं सांगितलं, फिटर आले होते. कसं कळलं देव जाणे, पण आले होते आणि मुलींच्या नवऱ्यांबरोबर तिरडीला खांदा दिला होता. जाताना म्हणाले, श्रावणात येईन. काकी हे सांगत होती तेव्हा तिचा चेहरा पहिल्यांदाच थोडा निवलेला दिसला. मुली घाटावर, नवरा गेलेला. वर्षातून एकदा येणारं ते एक माणूस तिच्याकडे उरलं होतं, ज्याच्याबरोबर बसून ती नवऱ्याबद्दल बोलू शकली असती.

मला मात्र घरी परत आल्यावर चैन पडेना. मुकादम होते तोवर ती गोष्ट त्यांच्याजवळ होती. आता ते नव्हते आणि गावात, शाळेत, त्या गृहस्थांच्या मनात, पाटीवर पूर्ण मजकूर न लिहिणारा माणूस म्हणून तेच उरले होते. मी ठरवलं की सांगायचं.

श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी मी गेले. ते गृहस्थ आले होते, आणखी वाकलेले, पण शर्टाची बटणं तशीच सगळी लावलेली. काकी चुलीशी होती. मी त्यांना म्हटलं, मला तुमच्याशी थोडं बोलायचंय, आणि आम्ही वाटेच्या तोंडापर्यंत चालत गेलो. पाऊस थांबला होता. मी त्यांना सगळं सांगितलं. चार ओळी, खडू, मी काय म्हणाले ते, आणि मुकादमांनी पंचनाम्यात काय सांगितलं ते. त्यांच्या मुलाला पाट्या बघत जा म्हणून मीच सांगितलं, तेही सांगितलं.

ते ऐकत होते. मध्ये एकदाही काही विचारलं नाही. मला वाटलं होतं, ते चिडतील, मला काही तरी बोलतील. मी त्यासाठी तयार होऊन गेले होते. संपल्यावर ते म्हणाले,

"मी त्यांच्यावर हात उचलला होता, बाई. तुम्ही तिथंच उभ्या होतात."

मी म्हटलं, हो.

"इतकी वर्षं मी त्यांच्या घरी जेवलो. मनात म्हणायचो, या माणसाला मी माफ केलंय. तो मला वाढत होता आणि मी त्याला माफ करत होतो." त्यांनी खिशातून रुमाल काढला, घडी तशीच ठेवून पुन्हा आत ठेवला. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलं," असं ते म्हणाले, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

ते त्या दिवशी वर गेले नाहीत. घरी येऊन काकीला नमस्कार केला, बरं वाटत नाही म्हणून जेवायला बसले नाहीत, आणि दुपारच्या गाडीनं गेले. काकीनं मला विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

पुढच्या वर्षी त्या रविवारी मी पुन्हा गेले. काकी सकाळपासून कामाला लागली होती. आदल्या दिवशी तिनं स्वतः रानात जाऊन करटुली शोधून आणली होती, गुडघे दुखत असताना. ओटी सारवली होती. दुपारची गाडी आली. फाट्याकडून दोन बायका आणि एक दूधवाला आला. गाडी पुढे निघून गेली तरी काकी दारात उभी होती.

तेव्हा मी तिला सांगितलं. गेल्या वर्षी मी त्यांच्याशी काय बोलले ते, आणि का बोलले ते.

काकी पाटावर बसली. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मला ठावं व्हतं, वळी कोनी पुसाय लावल्या ते. पंचनामा झाला त्याच दिशी यांनी मला सांगितलं. आन सांगितलं का हे आपल्यात ऱ्हाऊ दे. बाई लहान हाय, तिचं आख्खं आयुष्य जायाचं हाय." तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "त्यांना ते जड नाय झालं गो. तो मानूस वर्साला येतो, जेवतो, त्यातच त्यांना बरं वाटायचं. म्हनायचे, त्याला येक ठिकान हाय यायाला. त्याला सांगाया नको व्हतं, बाय."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

बाहेर वाटेवरून पाच-सहा तरुण पोरं भिजत, गाणी म्हणत डोंगराकडे चालली होती. मुकादमांचा दगड रिकामा होता. मी उठले, अनवाणीच बाहेर गेले आणि त्यांना गाठून सांगितलं, रांजणात उतरू नका, पाण्याला ओढ आहे, माणूस गेलंय तिथे. त्यातला एक म्हणाला, हो काकू, नाही उतरणार. दुसरा मागे वळून हसला. ती वर चढून जाईपर्यंत मी बघत राहिले. ती उतरली की नाही, ते मला माहीत नाही. संध्याकाळी सगळी परत आली, मी मोजली.

मी आत आले तेव्हा काकीनं दोन ताटं वाढली होती. एक तिनं माझ्यापुढे सरकवलं. मला जेवण जात नव्हतं, पण ती समोर बसून होती, म्हणून मी जेवले. माझं होईपर्यंत ती हलली नाही. मग तिनं दुसऱ्या ताटावर परात उपडी घातली आणि ते उचलून चुलीच्या उबेला नेऊन ठेवलं. संध्याकाळची गाडी अजून यायची होती.